पदवीचे पागोटे

दिवाळीच्या अंकात लेखकाने गोडच लिहावे असा एक संकेत पडून गेला आहे. फराळाचे ताट पुढ्यात असताना कायदा, परीक्षा आणि भांडण यांचे काय काम, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. परंतु आमच्या घरी तरी लाडवांच्या शेजारी चिवडाही ठेवतात, आणि त्यात मिरच्या असतात. तेव्हा यंदा संपादकांची क्षमा मागून मी भांडायचे ठरवले आहे. भांडण कोणा माणसाशी नाही. एका नियमाशी आहे. आणि तो नियम सातासमुद्रापलीकडचा, इंग्लंडातला आहे. तो आपल्या ओसरीपर्यंत कसा येऊन पोचतो, हे लेख संपण्यापूर्वी दाखवीनच.

इंग्लंडात वकिलांचे दोन पंथ आहेत. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप चढवून न्यायाधीशापुढे उभा राहतो तो बॅरिस्टर. आणि घराचे खरेदीखत, आजोबांचे मृत्युपत्र, भागीदारीचा करार, नवराबायकोच्या काडीमोडीचे कागद हे सारे आपल्या कचेरीत बसून जो निस्तरतो तो सॉलिसिटर. सामान्य माणसाला आयुष्यात बॅरिस्टर एकदाही भेटला नाही तरी चालते. सॉलिसिटर मात्र घर घेताना आणि घर सोडून कायमचे जाताना असा दोनदा तरी लागतोच.

या सॉलिसिटरच्या पेशात शिरण्याचे नियम १ सप्टेंबर २०२१ पासून बदलले. नव्या व्यवस्थेत उमेदवाराजवळ चार गोष्टी असाव्या लागतात. पहिली, दोन टप्प्यांची परीक्षा. पहिल्या टप्प्यात पर्याय निवडायचे ३६० प्रश्न. दुसऱ्या टप्प्यात १६ कामे, त्यांतली १२ लेखी आणि ४ तोंडी: पक्षकाराची मुलाखत घ्या, कायदा शोधून काढा, पत्र लिहा, दस्तऐवजाचा मसुदा करा, न्यायासनापुढे बाजू मांडा. दुसरी गोष्ट, कायद्याच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव; तो जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून घेतलेला चालतो. तिसरी, निर्मळ चारित्र्य. या तिन्हींना माझा हात जोडून नमस्कार आहे. चौथी गोष्ट म्हणजे विद्यापीठाची पदवी, किंवा तिच्या तोडीची मानली गेलेली पात्रता वा अनुभव. गंमत अशी की ही पदवी कायद्याचीच हवी असे मुळीच नाही. ती कोणत्याही विषयाची चालते. माझे भांडण आहे ते या चौथीशी.

आता कोणी विचारील की, मास्तर, तुम्हांला या भांडणाचा अधिकार काय? विचारणे रास्त आहे. मी दहावी पास आहे. माझ्या आजीच्या भाषेत मॅट्रिक. दहावीनंतर चित्रकलेच्या मास्तरकीचा अभ्यासक्रम केला, आणि गेली वीसबावीस वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलांना कागदावर आंबा काढायला शिकवतो. रात्री कादंबऱ्या लिहितो. उद्या त्यांतली एखादी पदवीच्या वर्गाला लागली, तर ती लिहिण्याची पात्रता माझ्यात होती आणि ती शिकवण्याची नाही, असे सिद्ध होईल. याचा मला राग नाही, हसू येते. वाङ्मयाच्या क्षेत्रात हा विनोद जुनाच आहे. ‘फकिरा’ लिहिणारे अण्णाभाऊ साठे शाळेची पायरी जेमतेम शिवले होते, आणि त्यांच्यावर प्रबंध लिहून कितीतरी जण डॉक्टर झाले. परंतु लेखनात उंबरठ्यावर पहारेकरी नसतो. वकिलीत असतो. म्हणून वकिलीतला विनोद हसण्यावारी नेता येत नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. कारण आजचा नियम आकाशातून पडल्यासारखा मांडला जातो, आणि तसा कोणताच नियम कधी पडत नसतो.

इंग्लंडात १७२९ च्या सुमारास कायदा झाला की, अटर्नी वा सॉलिसिटर होऊ पाहणाऱ्याने एखाद्या जुन्या जाणत्याच्या हाताखाली पाच वर्षे उमेदवारी करावी. नियम मोठा शहाणपणाचा होता. सुताराचा पोऱ्या सुताराजवळ शिकतो, तसा हा कागदाचा सुतार. परंतु १७९४ साली सरकारने या उमेदवारीच्या करारावर १०० पौंडांचा मुद्रांक लावला. त्या काळी एवढ्या रकमेत एखादे गरीब कुटुंब कित्येक वर्षे जेवले असते. शिवाय शिकवणाऱ्या सॉलिसिटरला वेगळी दक्षिणा द्यायची, आणि उमेदवारीच्या वर्षांत वेतनाच्या नावाने शून्य. म्हणजे दार कोणालाही मोकळे, फक्त उंबरठा चांदीचा! त्याही वेळी या उंबरठ्याचे समर्थन पैशाच्या नावाने कोणी केले नाही. पेशाची अब्रू राहावी, हलक्यासलक्या माणसांच्या हाती लोकांचे कागद पडू नयेत, असेच म्हटले जाई.

पुढे परीक्षा आल्या. १८३६ साली पहिली परीक्षा झाली. १८६० च्या कायद्याने सामान्य शिक्षणाची एक प्राथमिक परीक्षाही आली. आणि पदवी? पदवीही होती; पण तिची जागा निराळी होती. १८२१ पासून विद्यापीठाच्या पदवीधराला पाच वर्षांऐवजी तीनच वर्षे उमेदवारी करण्याची मुभा मिळाली. वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. पदवी ही तेव्हा सवलत होती, अट नव्हती. ज्याच्याजवळ होती त्याचा वेळ वाचे. ज्याच्याजवळ नव्हती तो दोन वर्षे जास्त राबून त्याच ठिकाणी पोचे.

अशा पोचलेल्यांपैकी एक वेल्समधल्या खेड्यातला पोरका मुलगा होता. त्याचे वडील तो तान्हा असतानाच वारले. मामाने त्याला वाढवले, आणि हा मामा चांभारकाम करी, जोडे शिवी. मुलाला सॉलिसिटरच्या उमेदवारीसाठी प्राथमिक परीक्षा द्यायची होती, आणि तिला परकी भाषा लागत. गावात शिकवणार कोण? तेव्हा या मामाने स्वतः पुस्तके आणून फ्रेंच आणि लॅटिन यांची अक्षरे गिरवली, आणि भाच्याच्या एक धडा पुढे राहून त्याला शिकवले. भाचा परीक्षा उतरला, उमेदवारी केली, १८८४ साली सॉलिसिटर झाला. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. १९१६ साली तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्याचे नाव डेव्हिड लॉईड जॉर्ज. सॉलिसिटरच्या पेशातून त्या पदावर गेलेला तो आजवरचा एकटाच.

मला ठाऊक आहे, एका लॉईड जॉर्जवरून नियम करता येत नाही. शंभर जण पडले आणि एक चढला तर त्या एकाचा पुतळा उभारून शंभरांची थट्टा करू नये. पण मी ही हकीकत भाच्यासाठी सांगितलीच नाही; मामासाठी सांगितली. त्या काळाच्या दाराला जी किल्ली लागे, ती एका चांभाराला रात्री दिव्याखाली बसून, आपल्या बुद्धीने घडवता येत होती. आज इंग्लंडात तीच किल्ली विद्यापीठाच्या दुकानात मिळते, आणि २०२५ साली त्या दुकानाची वर्षाची फी ९,५३५ पौंडांपर्यंत गेली. तीन वर्षांचा हिशेब वाचकांनीच करावा. कर्ज मिळते, हे खरे. परंतु कर्ज काढून शिकायला निघणे हा श्रीमंताच्या मुलाला हिशेब असतो. गरिबाच्या मुलाला ती धास्ती असते.

दुसरी हकीकत बायकांची. १९१३ साली ग्वेनेथ बेब नावाच्या तरुणीने इंग्लंडातल्या लॉ सोसायटीवर दावा लावला. ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेत तिने पहिल्या वर्गाचे गुण मिळवले होते. बाई म्हणून पदवी मात्र मिळाली नव्हती, कारण ऑक्सफर्ड बायकांना १९२० पर्यंत पदवी देत नसे. तिचे म्हणणे सरळ होते: १८४३ च्या कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे, आणि मी व्यक्ती आहे. वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की, आजवर कोणी बाई अटर्नी झालेली नाही, सबब या कायद्यापुरती बाई ‘व्यक्ती’ होत नाही. आजवर कोणी झाले नाही, म्हणून पुढे कोणी व्हायचे नाही! पुढे १९१९ साली कायदा बदलला, तेव्हा पंतप्रधान होते तेच लॉईड जॉर्ज. १९२२ च्या डिसेंबरात कॅरी मॉरिसन ही पहिली स्त्री सॉलिसिटर झाली. बेब ते पाहायला उरली नव्हती. ती १९२१ सालीच वारली होती.

आणि आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना विसरून कसे चालेल? १८९२ साली त्या ऑक्सफर्डची कायद्याची मोठी परीक्षा उतरल्या. पदवी हाती पडायला त्यांना आणखी तीस वर्षे लागली. मधल्या काळात पडद्यातल्या राण्यांची नि विधवांची इस्टेटीची प्रकरणे त्यांनी लढवली. वकील या नावाने मात्र नव्हे. काम चाले, पण नाव चालत नसे.

या साऱ्या हकीकतींतून मला एकच गोष्ट दिसते. दर पिढीत या पेशाच्या दाराशी काहीतरी उभे असते. कधी मुद्रांक, कधी दक्षिणा, कधी जात्याच पुरुष असण्याची अट. त्या त्या काळी ती अट पक्षकाराच्या हितासाठी आहे असेच गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते. आणि ती काढून टाकल्यावर पन्नास वर्षांनी पाहावे, तर पक्षकाराचे एका दमडीचे नुकसान झालेले नसते. आज तिथे पदवी उभी आहे. १९७१ साली ऑर्मरॉड समितीने हा पेशा पदवीधरांचा असावा अशी दिशा दाखवली, आणि पुढच्या दहाएक वर्षांत शाळा सोडून सरळ उमेदवारीला लागण्याची वाट जवळजवळ बुजून गेली. जी सवलत होती ती अट झाली, ती अशी.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ऐकल्यावाचून वाद घालणे हे मास्तराला शोभत नाही.

पहिला आक्षेप असा: ‘तुमच्या पोटाची शस्त्रक्रिया दहावी पास माणसाकडून करून घ्याल काय?’ नाही घेणार. पण डॉक्टरच्या पदवीत वैद्यक शिकवतात. सॉलिसिटरच्या वाटेवरची पदवी भूगर्भशास्त्राची चालते, फ्रेंच नाटकांची चालते, मडकी घडवण्याची चालते. मडकी घडवण्याची कला मला स्वतःला फार आवडते. परंतु मडके उत्तम घडवणाऱ्याला मृत्युपत्रही उत्तम लिहिता येईल, हा तर्क कोणत्या न्यायशास्त्रात बसतो? कायद्याचे ज्ञान तपासायला परीक्षा आहे. काम तपासायला दोन वर्षे आहेत. मग पदवी काय तपासते? ती एवढेच तपासते की, हा माणूस अठराव्या ते एकविसाव्या वर्षी कमावण्याऐवजी शिकत बसू शकला की नाही.

दुसरा आक्षेप: ‘विद्यापीठाने मन विशाल होते.’ होत असेल; ज्यांचे झाले त्यांना मी मानतो. विद्यापीठांचा मी द्वेष्टा नाही. माझ्या शाळेतली मुले तिथे जावीत म्हणून मी त्यांच्या बापांशी भांडलो आहे. पण विशाल मनाची अट घालायचीच असेल तर मन तपासा, कागद कशाला तपासता? आणि पक्षकाराला सॉलिसिटरकडून पहिल्याने हवा असतो तो नीटपणा, वेळेवर दिलेले उत्तर आणि गुपित राखणारे तोंड. हे गुण वर्गात येतात त्याहून जास्त कामावर येतात.

तिसरा आक्षेप: ‘पक्षकाराचे घर, त्याची आयुष्याची पुंजी पणाला लागते.’ मग ऐका. घरांच्या खरेदीविक्रीचे काम इंग्लंडात सॉलिसिटरच करतो असे नाही. १९८५ च्या कायद्याने तिथे याच एका कामापुरते परवानाधारक निर्माण झाले. त्यांना विद्यापीठाची पदवी लागत नाही. त्या कामाच्या परीक्षा आणि त्या कामाचा अनुभव लागतो. तेच घर, तोच गिऱ्हाईक, तीच पुंजी. इतकी वर्षे इंग्लंडातली घरे त्यांच्या हातून खरीदली-विकली जात आहेत, आणि कोणाच्या माथ्यावरचे छप्पर उडालेले नाही. शेजारच्या स्कॉटलंडात तर आजही पदवीवाचून सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे राबून आणि तिथल्या लॉ सोसायटीच्या परीक्षा देऊन या पेशाकडे जाणारी एक वाट राखून ठेवली आहे. स्कॉटलंडातल्या माणसांची मृत्युपत्रे काही कमी पवित्र नसतात.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. तो असा की, ‘उमेदवार फार झाले, कुठेतरी चाळणी लावलीच पाहिजे.’ हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. मात्र चाळणी गर्दी कमी करण्यासाठी लावली असेल तर तसे म्हणावे. तिला गुणवत्तेचे नाव देऊ नये. पदवीने मन भरत नाही म्हणून मोठ्या पेढ्यांनी त्यावर आणखी चाळण्या चढवल्या. पदवीत दुसऱ्या वर्गाचा वरचा भाग हवा, शिवाय अठराव्या वर्षी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत अमुक इतके ‘ए’ हवेत. मास्तर म्हणून सांगतो, अठराव्या वर्षीच्या गुणपत्रिकेत मुलापेक्षा त्याच्या घराचे गुण जास्त वाचता येतात. ज्याला अभ्यासाला स्वतंत्र खोली होती आणि ज्याला धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन वाचावे लागले, त्या दोघांचे आकडे एकाच रकान्यात लिहिले जातात.

हे सारे मी पुस्तकातून वाचून सांगतो आहे असे वाटेल, म्हणून एक ओळखीची गोष्ट सांगतो. माझ्या शाळेतली एक मुलगी बारावीनंतर वाणिज्य शाखेला गेली, दुसऱ्या वर्षात असताना लग्न झाले, आणि नवऱ्यामागे इंग्लंडला गेली. तिथे दोन मुले झाली. मग ती एका लहानशा सॉलिसिटर पेढीत कागद लावायला लागली. आज तिला तिथे नऊ वर्षे झाली. घरांच्या व्यवहाराची सारी फाईल तीच तयार करते: मालकी तपासणे, नगरपालिकेच्या चौकश्या, बँकेचे पत्र, सरकारी नोंदणी. दर वर्षी पेढीत नवा पदवीधर उमेदवार येतो. त्याला काम कोण शिकवते? हीच शिकवते. दोन वर्षांनी तो सॉलिसिटर होतो, आणि हिने तयार केलेल्या कागदावर सही करतो. ती मला म्हणाली, ‘सर, मुलं चांगली असतात हो, मला ताईसारखं मानतात. पण दर दोन वर्षांनी मी एक साहेब तयार करते, आणि माझी खुर्ची काही हलत नाही.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र ते वाक्य विसरता आलेले नाही.

कोणी म्हणेल, नियमात ‘तोडीचा अनुभव’ हे शब्द आहेत ना? आहेत, आणि ते घालणाऱ्यांची बुद्धी चांगली होती असेच मी मानतो. पण तराजू पाहा. मडकी घडवण्याच्या पदवीधराने फक्त कागद दाखवायचा. त्याचे शिक्षण या कामाला कसे उपयोगी, हे त्याला कोणी विचारीत नाही. नऊ वर्षे हेच काम केलेल्या बाईने मात्र आपला अनुभव पदवीच्या तोडीचा आहे हे पुराव्यानिशी पटवायचे. ज्याने काम केले नाही त्याला विश्वास, आणि जिने केले तिला उलटतपासणी! ही सवलत हातात घेऊन पुढे जायचे, तर वर परीक्षेची फी आहेच. २०२१ साली दोन्ही टप्प्यांची मिळून ती ३,९८० पौंड होती. त्यानंतर ती वाढतच गेली. तयारीच्या शिकवणीचा खर्च वेगळा.

प्रामाणिकपणे सांगायला हवे की, इंग्लंडात या बाबतीत चांगलेही घडले आहे. २०१६ पासून शाळा संपवलेल्या मुलांना पगार घेत, काम करीत, साधारण सहा वर्षांत सॉलिसिटर होण्याची शिकाऊ योजना सुरू झाली. नव्या परीक्षेच्या पहिल्या फेऱ्यांत या शिकाऊंचे उत्तीर्णांचे प्रमाण एकूण प्रमाणाच्या मागे राहिले नाही. जे काम करता करता शिकले ते पुस्तकातून शिकलेल्यांपेक्षा उणे ठरले नाहीत, याहून मोठा पुरावा माझ्या बाजूने मी कुठून आणणार? आणि नेमक्या याच वाटेवर जानेवारी २०२६ पासून सरकारने आपला हात आखडता घेतला. या वरच्या पायरीच्या शिकाऊंसाठी मिळणारे सरकारी साहाय्य, काही अपवाद सोडता, १६ ते २१ वर्षांच्या मुलांपुरतेच ठेवले. म्हणजे ज्याला उमेदीत संधी हुकली त्याने पुन्हा उमेद धरू नये. माझी विद्यार्थिनी आज छत्तीस वर्षांची आहे.

मी परीक्षेचाही भक्त नाही. परीक्षा माणसेच घेतात आणि माणसे चुकतात. २०२४ च्या जानेवारीतल्या फेरीत उत्तीर्ण झालेल्या १७५ उमेदवारांना तुम्ही नापास आहात असे कळवले गेले होते, आणि चूक ध्यानात यायला एप्रिल उजाडला. जुन्या उमेदवारीच्या आठवणीने गळा काढण्याचाही माझा इरादा नाही. ती उमेदवारी बापाच्या थैलीवर आणि मामाच्या ओळखीवर चाले, आणि सर्वांचे मामा लॉईड जॉर्जच्या मामासारखे नसतात. पण परीक्षेची चूक दाखवून देता येते, दुरुस्त करता येते. जी मुलगी परीक्षेपर्यंत पोचलीच नाही तिची उत्तरपत्रिका पुन्हा तपासणार तरी कोण?

आता आपल्या ओसरीवर येतो. मुंबईत सॉलिसिटरची परंपरा जुनी आहे. कायद्याने अटर्नी हा वेगळा वर्ग १९७७ साली संपला, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आणि तिच्या आधीची तीन वर्षांची उमेदवारी अजून चालू आहे. तिथे जायचे तर आधी कायद्याची पदवी हवी. तिला माझी हरकत नाही. निदान ती कायद्याची तरी आहे. पण त्या पदवीच्या वर्गाच्या दाराशी काय लिहिले आहे ते पाहा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत एक स्पष्टीकरण आहे. त्याचा अर्थ असा की, आधीची मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून सरळ बारावी वा पदवी मिळवलेला माणूस कायद्याच्या अभ्यासक्रमाला अपात्र.

यात कोण सापडतो, याचा विचार करा. आपल्या नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले ते कोणासाठी? ज्यांची शाळा गरिबीने, लग्नाने, दुष्काळाने सुटली त्यांच्यासाठी. पूर्वतयारीची पायरी चढून पदवीपर्यंत गेलेल्या कितीतरी गिरणी कामगार, अंगणवाडी सेविका, हवालदार अशा मंडळींना त्याने पदवीची शाल पांघरली. त्यांतली एखादी अंगणवाडी सेविका म्हणाली की, आता मी कायदा शिकते, माझ्या वस्तीतल्या बायकांचे कागद मला कळायला हवेत, तर तिला सांगायचे: बाई, तुझी पदवी खरी, पण तिच्या खाली बारावी नाही, घर आहे पण जोते नाही, सबब आत येऊ नये. इंग्लंडात निदान पदवी असली की तिच्या पोटात कोणी डोकावत नाही. इथे पदवी मिळवली तरी तिची जन्मपत्रिका मागतात! पागोटे घाला म्हणायचे, आणि घातल्यावर ते कोणत्या दुकानातले असे विचारायचे, यापेक्षा अधिक काय सांगू?

मागणे माझे फार थोडे आहे. शेवटची परीक्षा कठीण ठेवा. हवी तर आणखी कठीण करा. कामाची वर्षे दोनाची चार करा. पण त्या परीक्षेला बसण्यापूर्वी कागद मागू नका. इंग्लंडाने पदवी पुन्हा सवलत करावी, जशी ती १८२१ साली होती: पदवीधराला दोन वर्षे, बिनपदवीच्याला चार किंवा पाच. नऊ वर्षे काम केलेल्याला आपली लायकी सिद्ध करायला सांगायचे असेल, तर सरळ त्याच परीक्षेत सांगा. फीचा मोठा भाग उत्तीर्ण झाल्यावर, पगारातून घ्या. शिकाऊ योजनेवरची वयाची मर्यादा काढा. आणि आपल्या बार कौन्सिलने ते एक स्पष्टीकरण पुसून टाकावे. मुक्त विद्यापीठ हे सरकारनेच काढले आहे. त्याच्या पदवीला एका खात्याने हार घालायचा आणि दुसऱ्याने तोंड फिरवायचे, हे शोभत नाही.

राहता राहिले आपण. बार कौन्सिल दूर आहे, इंग्लंड त्याहून दूर आहे. पण दिवाळीत घरोघर भाचे-पुतणे येतील, आणि फराळाची बशी हाती देतानाच आपण विचारू, ‘काय रे, किती टक्के पडले? पुढे काय करणार?’ उंबरठ्यावरचा पहारेकरी हा असा आपल्या माजघरातच जन्मतो. कचेऱ्यांत तो नंतर नोकरीला लागतो. यंदा एक करून पाहा. बारावीत अडलेला एखादा पुतण्या कोपऱ्यात बसला असेल, त्याला विचारा, ‘तुला काय काय करता येतं?’ आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. त्याला बहुधा पुष्कळ काही येत असेल. आजवर त्याला हे कोणी विचारलेलेच नसते.